मोठ्या मायच्या हातची लेकरं

गेल्या खेपेला आम्ही इथं बसून शेळीपालनाच्या कर्जाचं बोललो होतो. आज हप्त्याचं आणि व्याजाचं काही नाही. आज आमच्या मोठ्या मायबद्दल बोलायचं आहे. ती गेली, हे आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण लांब दिलेल्या लेकींपर्यंत अजून बातमी पोचली नसेल, म्हणून आधी सांगून टाकतो.

गावात तिला सगळेच मोठी माय म्हणायचे. सख्ख्या नातवंडांची ती आजी, बाकी गावाची मोठी माय. वयाचं विचाराल तर आधार कार्डावर एक आकडा होता आणि तिच्या तोंडी दुसरा. रझाकाराच्या वेळी आपण पाळण्यात होतो आणि आई आपल्याला पोटाशी बांधून ज्वारीत लपली होती, असं ती सांगायची. म्हणजे १९४८ साल. त्यावरून तुम्हीच हिशेब करा.

ती गावाची दाई होती. आम्ही गटातल्या बहुतेक जणी सुना, म्हणजे जन्मानं दुसऱ्या गावच्या; आमच्यातली एकही तिच्या हातची नाही. पण आमचे नवरे तिच्या हातचे! तेही सगळे नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ज्यांचे नवरे थोरले ते आजोळी जन्मले. मधले आणि धाकटे मात्र सगळे मोठ्या मायनं उचललेले. याचा तिला फार उपयोग व्हायचा. कुणी दारू पिऊन बायकोवर हात उचलला की ती काठी टेकत दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "तुला मी नागडा बघितलाय रे, माझ्यापुढं मिशीला पीळ देऊ नको." पोलीस पाटलाला जे जमायचं नाही ते या एका वाक्यानं व्हायचं. थोरल्यांना ही भीती नव्हती, त्यांना आम्हालाच बघावं लागायचं.

तेविसाव्या वर्षी ती विधवा झाली. नवरा विहिरीच्या कामावर गेला तो परत आलाच नाही. पदरी तीन लेकरं. आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ. आमच्यातल्या वयस्क बायांना तो आठवतो: लाल मिलोची भाकरी, लेकरांना मिळणारी सुकडी, आणि दिवस उगवायच्या आत खडी फोडायला निघालेल्या बायांच्या रांगा. रोजगार हमीचं काम तिथूनच महाराष्ट्रात सुरू झालं. मोठी माय पाझर तलावाच्या कामावर होती. तिथं दुपारच्या उन्हात एका बाईचे दिवस भरले. बाया गोळा झाल्या, लुगड्यांचा आडोसा धरला, पण हात लावायला कुणी पुढं होईना. मोठ्या मायची सासू दाई होती आणि तिच्यामागं कंदील धरायला ही जात असे. तेवढ्या शिदोरीवर ती पुढं झाली. मूल झालं, रडलं. मुकादमानं त्या बाईचा अर्ध्या दिवसाचा रोज कापला, म्हणून मोठी माय त्याच्याशी भांडली, तेव्हा त्यानं हिचाही कापला. ही गोष्ट सांगताना तिला बाळापेक्षा त्या अर्ध्या रोजाचा राग जास्त यायचा, अगदी शेवटपर्यंत.

पुढं प्राथमिक आरोग्य केंद्रात दायांचं प्रशिक्षण निघालं आणि तिला पेटी मिळाली. त्याआधी आमच्याकडं नाळ कापायला विळा चालायचा, कुठं दगडावर ठेचायचे, आणि वर राख नाहीतर शेण लावायचे. मग सातव्या-आठव्या दिवशी लेकरू ताठ व्हायचं, दूध ओढेना व्हायचं आणि जायचं. लोक म्हणायचे सटवाईनं नेलं. तो धनुर्वात होता. प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापल्यावर नाळेला काहीही लावायचं नाही. मोठ्या मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं एका हाताची पाच बोटं धरून ते पाठ केलं आणि पुढं प्रत्येक सुनेकडून पाठ करून घेतलं. पाचव्या बोटाशी तिची खरी लढाई झाली. काही लावायचं नाही, हे म्हाताऱ्यांना पटतच नसे. बाळंतिणीच्या सासूला ती सरळ चुलीपाशी बसवून यायची, "तू पाणी उकळ, राख चुलीतच राहू दे."

पहिला चीक पिळून टाकायची रीतही तिनंच मोडली. म्हशीचा चीक आपण खरवस करून आवडीनं खातो आणि बाईचा तेवढा वाईट कसा, एवढंच ती विचारायची. याला कुणाकडं उत्तर नसायचं.

तिला दर बाळंतपणाला पायलीभर ज्वारी आणि नारळ मिळे, मुलगा झाला तर लुगडं. मुलगी झाली तर लुगडं का नाही, म्हणून ती अडून बसायची. "मला काय अर्ध्या कळा मोजाव्या लागल्या काय?" गावकुसाबाहेरच्या वस्तीवर मात्र ती काही मागत नसे, उलट तिथं चहा घेऊनच उठायची. घरी आल्यावर सासू अंगावर पाणी घ्यायला लावायची. ती घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. आता तिच्या फोटोला हार घालताना लोक म्हणतात, मोठ्या मायनं सेवा केली, फुकट केलं. आम्हाला हे रुचत नाही. तिनं फुकट केलं नाही, तिला कमी दिलं गेलं. फरक आहे. आशाताईंच्या मानधनाची गोष्ट निघाली की हाच 'सेवा' शब्द पुढं केला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि आता जे सांगायला आम्ही आलो ते.

पाचवीच्या पूजेपर्यंत दाई घरातली असते. बाराव्या दिवशी बारसं. पाळणा बांधतात, सवाष्णी जमतात, गोप्या घ्या, गोविंद घ्या म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून देतात, कानात नाव सांगतात, बाळंतिणीची ओटी भरतात. त्या दिवशी मोठी माय मागच्या दारी, घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी. विधवा बाई पाळण्याच्या दोरीला हात लावत नाही. जिनं त्या लेकराला जगात सगळ्यांत आधी हात लावला, तिचाच हात बाराव्या दिवशी अशुभ. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. कुणी तिला दुष्टपणानं मागं बसवत होतं असंही नाही. तीच आपण होऊन जाऊन बसायची, पदर पुढं ओढून. आमच्यातली एक जण लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा तिनं न कळून मोठ्या मायला पुढं ओढलं. सगळ्या बाया गप्प झाल्या. मोठी मायच म्हणाली, "राहू दे पोरी, लेकराचं बरंवाईट झालं तर माझ्या माथी येईल."

हे तिचं तेव्हाचं बोलणं. ती जन्मतः बंडखोर होती असं आम्ही रंगवून सांगणार नाही.

तिच्यात फरक पडायला लागला भूकंपानंतर, असं जुन्या बाया सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा निजलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं. मारलं ते घरांनीच: दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीनं जड झालेलं माळवद. वरून पाऊस. आमचं गाव पडलं नाही, तडकलं. त्या आठवड्यात मोठ्या मायनं ताडपत्रीखाली दोन बाळंतपणं केली. त्यातला एक मुलगा आज गावात मिस्त्री आहे आणि त्याला सगळे भूकंप्याच म्हणतात.

जी गावं पार गेली ती सरकारनं नव्या जागी वसवली. आमच्यासारख्या तडकलेल्या गावांत घरं दुरुस्त करून मजबूत करायचं काम निघालं. पैसे हप्त्यानं बँकेत यायचे. ते कसे खर्च करायचे, मिस्त्रीकडून काय करून घ्यायचं, हे घराघरांत समजावून सांगायला महिला मंडळांतून 'संवाद सहायक' म्हणून बाया पुढं आल्या. मोठी माय त्यात गेली. विधवा बाई मोकळी, तिला विचारणारं कोण, म्हणून मंडळानं तिचं नाव दिलं असावं. पण ती शिकली. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार जाणारे सांधे घालायचे, वरून पट्टा बांधायचा. ती भिंतीवर असा पंजा ठेवायची की जणू दिवस भरलेल्या बाईच्या पोटावर ठेवलाय, आणि सांगायची, ही फुगलीय, ही टिकत नाही. माळवदावरची माती काढायला म्हातारे तयार नव्हते, उन्हाळ्यात घर तापेल म्हणायचे. ती म्हणायची, "तापलेल्या घरातून माणूस बाहेर येतं, पडलेल्यातून काढावं लागतं."

त्या कामात ती पहिल्यांदा बँकेत गेली, तालुक्याला गेली, साहेबासमोर खुर्चीवर बसली. आणि तिथं तिला कुणी कपाळ बघून मागं बसवलं नाही. परत गावात आली की मात्र मागचं दार. हे तिच्या डोक्यात तेव्हापासून घोळत असणार. बोलली ती बऱ्याच वर्षांनी.

बोलली ती आमच्या गटाच्या बैठकीत. संक्रांत जवळ आली होती आणि वाण काय लुटायचं यावर चर्चा चालली होती. कुणी म्हणालं स्टीलच्या वाट्या, कुणी म्हणालं रुमाल. मोठी माय बचतीचे पैसे मोजून देत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पहिला हात माझा चालतो, तर बाराव्या दिवशी का चालत नाही गं?" संक्रांतीच्या वाणाचा आणि याचा काय संबंध, हे आम्हाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आमच्या गटातल्या तिघी जणी विधवा होत्या. त्या हप्ता वेळेवर भरायच्या, कर्जाला एकमेकींना जामीन राहायच्या, आणि संक्रांतीला घरी बसायच्या. त्या वर्षी आम्ही हळदी-कुंकवाऐवजी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. सगळ्यांना एकच वाण, सगळ्यांना हळद, ज्यांना हवं त्यांना कुंकू. दोघींनी लावून घेतलं. एक रडायला लागली आणि निघून गेली. मोठ्या मायनं लावून घेतलं आणि घरी जाताना पुसून टाकलं. ती म्हणाली, थोरला लेक घरी आहे.

तोवर बाळंतपणं तिनं सोडून दिली होती. २००५ नंतर आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली, आणि पुढं १०८ ची गाडी दारात यायला लागली. दाईची पेटी तिनं स्वतःच बंद केली. कुणी हट्ट धरला, मोठी माय, घरीच कर, तर ती ऐकवायची, "माझ्या हातात दोघी गेल्यात. रक्त थांबलं नाही. माझ्याकडं रक्ताची बाटली असती तर मी तुला घरी ठेवलं असतं." त्या दोघींची नावं ती कधी विसरली नाही. गाडी आली की ती मात्र आधी चढून बसायची. डॉक्टर आत घेत नसत, तर दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायची. पाय सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, अंगावरून रक्त जातंय, बाळ फिरायचं थांबलंय: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, हे तिनं आमच्या गटाच्या प्रत्येक बैठकीत म्हणायला लावलं. अजून म्हणतो. तुम्हीही म्हणा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षातली ही गोष्ट. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आम्ही ते परिपत्रक मोठ्या मायला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "हे म्हाताऱ्यांना पण लागू हाय का?"

आधी महिला सभेत ठराव घेतला, मग ग्रामसभेत मांडला. ग्रामसभेत एक जण उठून म्हणाले, बायकांनाच हे नको आहे, उगाच वरून लादू नका. मोठी माय खाली सतरंजीवर बसली होती. ती उठली आणि सभेतल्या पुरुषांकडं बोट दाखवत मोजायला लागली. हा माझ्या हातचा, हा माझ्या हातचा, तू पायाळू होतास, तुझ्या गळ्यात नाळ होती. अकरा जणांपर्यंत आली. "एवढ्यांना माझा हात लागला. कोण मेलं सांगा." ठराव मंजूर झाला. खरं सांगायचं तर कागदावर झाला. त्यानंतर गावात तीन पुरुष वारले. दोघांच्या घरी रीत जशी होती तशीच झाली, आणि आम्ही दारात उभ्या राहून काही करू शकलो नाही. तिसऱ्या घरी सासूनंच सुनेचा हात धरून ठेवला, बांगड्या फोडू दिल्या नाहीत. तीनात एक.

बारशाला मात्र फरक पडला. शेवटची दोन-तीन वर्षं पाळण्याची दोरी बाळंतिणी तिच्याच हातात द्यायला लागल्या. आधी ती हात पदराला पुसायची, मग दोरी धरायची.

तिनं आम्हाला एकच सांगून ठेवलं होतं. "मी गेले की मला हिरवं लुगडं नेसवा आणि मळवट भरा." सवाष्ण गेली तर हे करतात, तुम्हाला माहीत आहे. आम्ही हसण्यावारी न्यायचो. ती गेली त्या सकाळी मात्र गटातली एक जण कपाटातून हिरवं लुगडं घेऊनच आली. अंगणात भावकी बसलेली. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, अशी रीत नाही, तिच्या आत्म्याला शांती लागणार नाही. आवाज चढले. मयताच्या दारात भांडण बरं दिसत नाही, हे आम्हालाही कळत होतं, पण मागं सरलो असतो तर तो ठराव त्या दिवशीच सरणावर गेला असता. थोरला मुलगा, ज्याच्या धाकानं तिनं कधीकाळी कपाळ पुसलं होतं, तो बराच वेळ खाली बघत बसला. मग आत गेला आणि त्याच्या बायकोचा कुंकवाचा करंडा आणून आमच्या हातात दिला. बोलला काही नाही.

मळवट भरायला आम्ही पाच जणी होतो. त्यातल्या दोघी विधवा. मोठ्या मायची धाकटी बहीणही आलेली होती, तीही विधवाच. तिला आम्ही बोलावलं तर ती भिंतीला टेकून राहिली, जवळ आली नाही. ओढलं नाही आम्ही. वर्षानुवर्षांचं असं एका सकाळी सुटत नाही.

तेराव्याला बाया जमल्या तेव्हा सहज विषय निघाला, की तिच्या हातची लेकरं किती. तिला विचारलं की ती म्हणायची, "दाणे मोजत नाहीत गं." आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत असतील ती नंतरच्या काळातली थोडी. आधीची कुठंच नाहीत. म्हणून आम्ही गटाच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेतली आणि घरोघर लिहायला बसलो. लेकराचं नाव, आईचं नाव, आणि कधी. तारखा कुणाला येत नाहीत. दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या रात्री, भूकंपानंतरच्या दिवाळीत, ज्वारी काढणीला. आम्ही तसंच लिहितोय. जी जगली नाहीत तीही लिहितोय, आणि त्या दोघींची नावंसुद्धा.

पण वहीत मोठं भगदाड आहे ते लेकींचं. गावच्या लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या, मोठ्या मायच्या हातून मोकळ्या झाल्या, आणि सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन सासरी गेल्या. ती लेकरं आज कुठंकुठं आहेत, लातूरला, सोलापूरला, पुण्याला कंपनीत, ऊसतोडीला. त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. तुमच्यापैकी कुणी आमच्या गावची लेक असेल, किंवा तुमची आई असेल, तर दिवाळीला माहेरी याल तेव्हा समाजमंदिरात या. गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक असते. लेकराचं नाव सांगा. मुलगी असेल तर तेव्हा लुगडं दिलं होतं की नाही, तेही सांगा. तो रकाना आम्ही वेगळा आखलाय.